वाकल्या पाठीची कैफियत

उंचीचे कौतुक आपल्या समाजात फार आहे, आणि म्हणूनच ज्या मुलाची उंची हीच त्याच्या व्याधीची पहिली खूण असते, त्या मुलाकडे घरचे, शाळेचे आणि गावचे लोक कितीतरी वर्षे कौतुकानेच पाहत राहतात. बाराव्या वर्षीच बापाच्या खांद्यापर्यंत पोचलेला, हातपाय लांबसडक, बोटे सडपातळ आणि निमुळती, अंगावर मांस म्हणून नाही, असा मुलगा जालना जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेत आढळला, तर उंच म्हणून गुरुजी त्याला मागच्या बाकावर बसवितात, मागून फळा नीट दिसत नाही म्हणून तो पुढे वाकून पाहतो, आणि वाकून बसतो म्हणून ‘पोक काढून बसू नको’ ही दटावणी घरीदारी त्याच्या मागे लागते. पुढे कधीतरी दिवाळीचा सदरा शिवताना शिंपी सांगतो की एक खांदा दुसऱ्याहून खाली आहे; किंवा मुलगी असेल, तर तिला न्हाऊ घालणाऱ्या आजीला दिसते की एका बाजूचा खांद्याचा फरा वर उचलला गेला आहे. तेव्हा कोठे पाठीकडे लक्ष जाते. आणि लक्ष गेले तरी ते केवळ पाठीकडेच जाते, ही या लेखाची मूळ तक्रार आहे.

कणा एका अंगाला झुकून नागमोडी होणे, म्हणजेच डॉक्टर ज्यास स्कोलिओसिस म्हणतात ती पार्श्ववक्रता, हा विकार दुर्मिळ नाही. वयात येणाऱ्या मुलामुलींपैकी शंभरात दोघा-तिघांच्या कण्यात दहा अंशांहून अधिक वाक सापडतो. त्यातील बहुतेकांच्या वाकाचे कारण कोणास सांगता येत नाही, आणि बहुतेकांचा तो वाक वाढतही नाही. परंतु या मोठ्या समुदायाच्या आड एक लहान समुदाय दडलेला असतो, ज्याच्या पाठीचा वाक हा स्वतंत्र विकार नसून सबंध शरीरात पसरलेल्या एका दोषाचे बाह्य लक्षण असतो. संयोजी ऊतकांच्या आनुवंशिक विकारांचा हा समुदाय होय. त्यात मार्फान सिंड्रोम हा सर्वांत परिचित. त्याचे जगभर मान्य असलेले प्रमाण पाच हजारांत एक असे आहे. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेएकोणीस लाख भरली होती. तेव्हा याच प्रमाणाने हिशेब केला, तर या एका जिल्ह्यात असे चारशेच्या आसपास जीव असावेत, आणि मार्फानच्या रुग्णांपैकी सुमारे साठ टक्क्यांच्या कण्यात वक्रता येत असल्यामुळे त्यांतील दोनशेहून अधिकांची पाठ वाकलेली असावी. यांतील प्रत्येकाच्या बाबतीत पहिला प्रश्न ‘पाठ सरळ कशी करावी’ हा नव्हे. पहिला प्रश्न ‘याचे हृदय कोणी तपासले आहे काय’ हा आहे.

हा संबंध वरवर पाहता विलक्षण वाटतो. पण शरीराची घडण ध्यानी घेतली की तो अगदी स्वाभाविक आहे. हाडे, स्नायू, रक्तवाहिन्या आणि त्वचा यांना परस्परांशी बांधून ठेवणारे, त्यांना आकार, बळकटी आणि लवचीकपणा देणारे जे द्रव्य सर्वत्र पसरलेले आहे, तेच संयोजी ऊतक. कोलॅजेन हे त्यातील बळकटी देणारे प्रथिन, आणि फायब्रिलिन हे अतिसूक्ष्म तंतू घडविणारे दुसरे. मणक्यांना मणक्यांशी जखडून ठेवणारे अस्थिबंध, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीची भिंत, आणि डोळ्यातील भिंगाला चहूबाजूंनी ताणून धरणारे केसाहूनही बारीक धागे, या तिन्ही ठिकाणी फायब्रिलिनचे काम आहे. ते सदोष निघाले की भिंग जागेवरून सरकते, महाधमनीचे मूळ वर्षानुवर्षे रक्ताच्या प्रत्येक ठोक्यासरशी फुगत जाते, आणि वाढीच्या वयात मणक्यांची रास सैल बंधांमुळे एका अंगाला कलते व कलता कलता स्वतःभोवती पिळली जाते. शिवाय वाढीच्या एका रासायनिक संदेशाला आवर घालणे हेही या तंतूंचे काम असल्याने, तो आवर सुटला की हातापायांची लांब हाडे अवाजवी वाढतात. गावाने ज्या उंचीचे कौतुक केले, तिचे मूळ येथे आहे.

पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ आंत्वान मार्फान यांनी १८९६ साली आपल्या समव्यवसायी मंडळींपुढे गाब्रिएल नावाची साडेपाच वर्षांची मुलगी आणली. तिची लांब, कोळ्याच्या पायांसारखी बोटे, कृश अंग आणि वाकलेला कणा यांचे त्यांनी जे वर्णन केले, त्यावरून या विकाराला त्यांचे नाव मिळाले. पुढील संशोधकांनी ते वर्णन पुन्हा वाचून असा तर्क केला, की त्या मुलीला बहुधा याच कुळातील दुसराच विकार असावा, आणि तो तर्क मला पटण्यासारखा वाटतो. कारण या कुळातील विकार एकमेकांसारखे इतके दिसतात की नुसत्या दर्शनावरून निवाडा करणे आजही धोक्याचे आहे. हृदयाचा संबंध मात्र मार्फान यांच्या ध्यानात आला नव्हता. महाधमनी फुगून फाटते ही गोष्ट वैद्यकाच्या दप्तरी पक्की नोंदली गेली ती १९४३ च्या सुमारास, म्हणजे जवळजवळ अर्धशतकानंतर. बाल्टिमोरचे व्हिक्टर मॅक्कुसिक यांनी १९५६ मध्ये संयोजी ऊतकांच्या आनुवंशिक विकारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून या सर्वांना एका छत्राखाली आणले. १९९१ मध्ये पंधराव्या गुणसूत्रावरील फायब्रिलिनचे जनुक हेच मार्फानचे मूळ असल्याचे सिद्ध झाले. आणि २००५ मध्ये लोइस-डीट्झ या, धमन्यांच्या बाबतीत अधिकच उग्र अशा, विकाराची ओळख पटली. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मार्फानच्या रुग्णांचे मरणसमयीचे सरासरी वय अवघे बत्तीस वर्षे निघाले होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेच आयुर्मान सत्तरीच्या पलीकडे गेले. ही चाळीस वर्षांची कमाई महाधमनी वेळेवर मोजण्याची, रक्ताचा मारा सौम्य करणाऱ्या गोळ्यांची, आणि लंडनच्या बेंटॉल यांनी १९६८ मध्ये वर्णिलेल्या महाधमनीमूळ बदलण्याच्या शस्त्रक्रियेची आहे. कणा सरळ करण्याच्या कलेचा तीत फारसा वाटा नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

निदानाचे जे नियम तज्ज्ञांनी २०१० मध्ये मुक्रर केले, त्यांतही ही गोष्ट स्पष्ट दिसते. शरीरभरच्या लक्षणांना त्यांनी गुण दिले. एकूण गुण वीस, आणि सात वा अधिक गुण भरले तर ते अर्थपूर्ण मानावयाचे. मूठ मिटली असता अंगठ्याचे टोक करंगळीच्या बाजूने बाहेर डोकावणे, आणि एका हाताच्या अंगठा-करंगळीने दुसऱ्या मनगटाला वेढा घातला असता त्यांची नखे एकमेकांवर चढणे, या दोन्ही खुणा एकत्र सापडल्या तर तीन गुण. छातीचे हाड कोंबडीच्या छातीसारखे पुढे आले असेल तर दोन. आणि कण्याच्या वक्रतेला केवळ एक. भिंग सरकणे आणि महाधमनीचे मूळ फुगणे या दोन गोष्टींना मात्र या गुणांच्या बाहेर, स्वतंत्र आणि निर्णायक, स्थान आहे. पाठ ही फिर्याद घेऊन येते. पुरावा डोळ्यात आणि हृदयात असतो.

आणि येथे जालन्याची परिस्थिती वाटते तितकी वाईट नाही. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून, आणि परभणीचा परतूर तालुका जोडून घेऊन, निराळ्या झालेल्या या जिल्ह्यात मणक्याच्या मोठ्या शस्त्रक्रियांची सोय नाही हे खरे. त्यासाठी रुग्णाला निदान साठ किलोमीटर पश्चिमेस छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, साऱ्या मराठवाड्याला ‘घाटी’ या नावाने माहीत असलेल्या रुग्णालयात, आणि पुष्कळदा तेथून पुढे पुण्या-मुंबईला जावे लागते. परंतु डोळ्यांच्या बाबतीत जालना शहर संपन्न आहे. येथील श्री गणपती नेत्रालयाचे नाव मराठवाड्याच्या सीमेपलीकडेही पोचलेले आहे, आणि भोकरदन-जाफराबादेपासून मंठ्यापर्यंतची माणसे मोतीबिंदू असो वा चष्म्याचा नंबर, जालन्याची वाट धरतात. ज्या मुलाच्या चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढतो, त्याच्या बाहुल्या औषधाने मोठ्या करून भिंगाची जागा पाहणे हे दहा-पंधरा मिनिटांचे काम आहे. भिंग वरच्या दिशेने सरकलेले असेल तर मार्फानचा संशय बळावतो. खालच्या दिशेने सरकलेले असेल तर आणखी एका विकाराचा विचार करावा लागतो, आणि तो विचार न करणे फार महागात पडते.

तो विकार म्हणजे होमोसिस्टिन्युरिया. दिसावयास ही मुले अगदी मार्फानच्या मुलांसारखी: तीच उंची, तीच बोटे, तोच वाकडा कणा. पण येथे दोष तंतूंच्या घडणीत नसून प्रथिनांच्या चयापचयातील एका पायरीत असतो, रक्तात होमोसिस्टीन साचते, आणि रक्ताच्या गुठळ्या होऊन ऐन तारुण्यात पक्षाघात होऊ शकतो. १९६२ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये ओळखल्या गेलेल्या या विकाराचे सुमारे निम्मे रुग्ण ब-६ या साध्या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेला प्रतिसाद देतात. रक्ताची एक तपासणी न करता अशा मुलाला पाठीच्या शस्त्रक्रियेच्या मेजावर घेणे म्हणजे त्याला गुठळीच्या स्वाधीन करणे होय. आणि ती तपासणी केली तर कदाचित बाजारातल्या स्वस्त गोळीने त्याच्या पुढच्या आयुष्याची दिशा बदलते. दोन वाकलेल्या पाठी, दिसावयास एकसारख्या, आणि इलाज इतके भिन्न!

होमोसिस्टिन्युरिया, तसेच जन्मतः ढिले अंग आणि अगदी बालवयात वेगाने वाढणारी वक्रता घेऊन येणारा एलर्स-डॅनलॉस या संयोजी ऊतकांच्याच विकाराचा एक प्रकार, हे दोन्ही अप्रकट वारशाने येतात: आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच व्याधी प्रकटते, आणि असे जोडपे असल्यास प्रत्येक गरोदरपणात चारांत एक इतका संभव राहतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी सोयरीक करण्याची जुनी वहिवाट आहे. इरावतीबाई कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय आप्तसंबंधांवरील ग्रंथात महाराष्ट्रातील या चालीची साक्षेपाने नोंद केली आहे, आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत ती आजही मोडलेली नाही. एकाच आजोबांचा वारसा दोन्ही बाजूंनी खाली उतरतो, तेव्हा असे दोन सदोष अंश एकत्र येण्याचा संभव वाढतो. मार्फानचा हिशेब निराळा: तो प्रकट वारशाचा, म्हणजे आई किंवा बाप यांपैकी एकालाच असला तरी प्रत्येक मुलामागे निम्मा संभव, आणि सुमारे चौथ्या हिश्शाच्या रुग्णांत तो पूर्वी घराण्यात कोठेही नसता नव्यानेच उत्पन्न झालेला असतो. तेथे नात्यातील सोयरिकीला दोष देण्यात अर्थ नाही. मला सर्वांत अधिक खंत वाटते ती येथे. कारण वाकड्या पाठीचे लेकरू जन्मले की ग्रहणात भाजी चिरली, गरोदरपणी वाकून काम केले, कोणाची नजर लागली, अशा शंकाकुशंकांचा सारा भार त्या लेकराच्या मायवर पडतो, आणि ज्या बापाची स्वतःची बोटे तितकीच लांब आहेत, ज्याचा भाऊ तिशीत अचानक ‘छातीत कळ येऊन’ गेला, त्याची टू-डी इको तपासणी करावी हे कोणास सुचत नाही. मुलाचे निदान झाले त्याच दिवशी आईबाप आणि भावंडे यांची महाधमनी मोजली पाहिजे. पुष्कळदा मुलाच्या पाठीमुळे बापाचा जीव वाचतो.

आता तालमीविषयी. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. बलोपासनेचा आणि सूर्यनमस्कारांचा आदर या मुलखाच्या मातीत आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून अभिमान वाटतो. म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट लिहिणे कर्तव्य समजतो. पाठ वाकली की गावातला जाणता माणूस सल्ला देतो: जोर-बैठका काढ, आडव्या दांडीला लोंबकळ, वजन उचल, पाठ आपोआप सरळ होईल. निरोगी मुलाला या सल्ल्याने नुकसान नाही. परंतु ज्याच्या महाधमनीची भिंत दुबळी आहे, त्याने श्वास कोंडून वजन उचलले की त्या क्षणी रक्तदाब एकदम चढतो, आणि तो ताण सोसणे तिला जड जाते. कबड्डीसारख्या धक्काबुक्कीच्या खेळात डोळ्यालाही भय आहे. अमेरिकेची ऑलिंपिक रौप्यपदक विजेती व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन, सव्वासहा फुटांहून उंच, १९८६ च्या जानेवारीत जपानमधील एका सामन्यात बाकावर बसल्या बसल्या कोसळली आणि गेली. महाधमनी फाटली होती, आणि मार्फानचे निदान झाले ते मृत्यूनंतर. चालणे, पोहणे, सायकल, सौम्य आसने, पाठीच्या स्नायूंना बळ देणारे भौतिकोपचार, हे सारे या मुलांना हितकारक आहे. खेळाच्या मैदानातून त्यांना सर्वस्वी हद्दपार करावे असे कोणीही म्हणत नाही. मात्र व्यायामाने कण्याचा वाक जाईल ही आशा कोणी दाखवू नये, कारण बंधच सैल असता स्नायूंनी एकट्याने तो भार पेलणे घडत नाही.

मग वाकाचे काय करावे? त्यासाठी तो मोजावा लागतो. मुलाला उघड्या पाठीने, पाय जुळवून, हात जोडून पुढे वाकावयास लावले आणि मागून नजर टाकली, की पिळलेल्या कण्याच्या बाजूच्या बरगड्या उंचवट्यासारख्या वर येतात. इंग्रज शल्यवैद्य विल्यम ॲडम्स यांच्या नावाने ओळखली जाणारी, दीडशे वर्षांहून जुनी ही परीक्षा करण्यास ना यंत्र लागते ना पैसा. त्यानंतर उभ्याने सबंध कण्याचा एक्स-रे, आणि त्यावर न्यूयॉर्कच्या जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये सांगितलेल्या रीतीने वरच्या व खालच्या सर्वाधिक कललेल्या मणक्यांमधील कोन. पंचवीस अंशांच्या आत असेल आणि वाढ शिल्लक असेल, तर दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजावे. पंचवीस ते चाळीस असेल तर पट्टा. पंचेचाळीस-पन्नासच्या पुढे गेला तर शस्त्रक्रियेचा विचार. हा झाला सर्वसाधारण मुलांचा दंडक, आणि नेमका येथेच संयोजी ऊतकांचा दोष असलेल्या मुलांचा मार्ग वेगळा फुटतो.

फ्रान्सच्या निकोला आंद्री यांनी १७४१ मध्ये मुलांच्या शरीराचे बाक सुधारण्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यात वाकडे वाढलेले एक कोवळे झाड सरळ खुंटाला दोरीने बांधलेले चित्र होते, आणि जगातील अस्थिशल्यविशारदांनी तेच पुढे आपले बोधचिन्ह केले. मोसंबीसाठी भौगोलिक मानांकन मिळविलेल्या जालन्याच्या बागाईतदाराला ते चित्र समजावून सांगण्याची गरज नाही. कलम लावल्यावर शेजारी काठी रोवून तो हेच करतो, आणि दोन पावसाळे गेले की काठी काढून घेतो, कारण तोवर कलमाचे खोड स्वतःच्या बळावर उभे राहते. पट्ट्याचा सारा भरवसा या खोडावर आहे. मार्फानच्या मुलाचे खोडच आतून मऊ असते. दोरी आवळली तर साल सोलते, आणि काठी काढली की झाड पुन्हा कलते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, कारण न कळलेल्या वक्रतेच्या मुलांपैकी पट्टा वापरणाऱ्या बहात्तर टक्क्यांचा वाक शस्त्रक्रियेच्या मर्यादेआत राहिला. उलट २००० साली बाल्टिमोरच्या स्पॉन्सेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्फानच्या रुग्णांत पट्ट्याचे यश पाहिले, ते केवळ सतरा टक्के निघाले. पट्ट्याचा जोर बरगड्यांमधून कण्यापर्यंत पोचावयाचा, पण बरगड्याच मऊ, त्यामुळे त्याच आत दबतात. त्वचा नाजूक, तिला जखमा होतात. आणि दिवसाचे अठरा-वीस तास प्लास्टिकचे ते कवच अंगावर वागविणे मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यांत काय असते, हे निराळे सांगावयास नको. तरीही पट्टा निरुपयोगी आहे असा निवाडा मी देणार नाही. लहान वाकाला थोपवून शस्त्रक्रिया चार वर्षे लांबली, तर त्या चार वर्षांत छाती आणि फुप्फुसे वाढतात, आणि ती वाढ मोलाची असते. आईबापांना मात्र हे आरंभीच सांगितलेले असावे. नाहीतर वाक वाढला की ‘तू पट्टा नीट घातला नाहीस’ असा ठपका त्या मुलीवर येतो, आणि तो ठपका अन्यायाचा असतो.

अगदी तान्ह्या वयातील वक्रतेसाठी लंडनच्या डॉ. मिन मेहता यांनी दाखविलेला मार्ग मला फार हृद्य वाटतो. मुलाला भूल देऊन, कण्याचा पीळ हळुवार उलटा फिरवून त्या धडाला प्लास्टरचे अंगरखे घालीत, दर दोन-तीन महिन्यांनी ते बदलीत, आणि मुलाची स्वतःची वाढच कणा सरळ करण्याच्या कामी लावीत. २००५ मध्ये त्यांनी १३६ बालकांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. जितक्या लवकर आरंभ, तितके यश अधिक, असा त्यांचा निष्कर्ष होता. संयोजी ऊतकांच्या दोषात पूर्ण यश क्वचित मिळते, पण काळ विकत घेता येतो. भागवताच्या दशम स्कंधात मथुरेच्या रस्त्यावर भेटलेल्या, अंगाने वाकड्या असलेल्या त्रिवक्रेच्या पावलांवर श्रीकृष्णाने आपले पाऊल दाबले, हनुवटीखाली दोन बोटे लावून तिला वर उचलले आणि ती सरळ झाली, अशी कथा आहे; खालचे टोक स्थिर ठेवून वरचे टोक ताणणे हेच आज मोठ्या आणि ताठर वाकांत शस्त्रक्रियेपूर्वी करतात. कवटीला कडे बसवून, चाकाच्या खुर्चीवर किंवा पलंगावर, दिवसांमागून दिवस थोडे थोडे वजन वाढवीत कणा ताणला जातो, आणि मुले त्या कड्यासह वॉर्डभर हिंडतात, अभ्यास करतात. मज्जारज्जूला एकदम ताण न बसता सवय व्हावी, हा त्यामागील हेतू. ज्यांच्या मानेचे मणके सैल आहेत त्यांना मात्र हे कडेही जपून लावावे लागते.

शस्त्रक्रियेचे स्वरूप ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओच्या मुलांसाठी योजलेल्या आणि १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पोलादी दांड्यांपासून आजच्या मणक्यागणिक स्क्रूंपर्यंत पुष्कळ बदलले. मूळ कल्पना तीच, की दांड्यांच्या आधाराने कणा शक्य तितका सरळ धरावा आणि मधल्या मणक्यांचे एकसंध हाड होऊ द्यावे. वाढत्या वयात अखंड जोड दिला तर धड खुजे राहते, म्हणून लहान मुलांत अधूनमधून लांबविता येणाऱ्या दांड्या घालतात. परंतु मार्फानच्या रुग्णात शल्यविशारदापुढे वेगळीच अडचण असते. मज्जारज्जूभोवतीचे आवरण वर्षानुवर्षांच्या दाबाने फुगून पातळ झालेले असते आणि अर्ध्याहून कितीतरी अधिक रुग्णांत ते तसे सापडते. त्या फुगवट्याने मणक्यांची हाडे आतून झिजतात, स्क्रू बसावयास पुरेसे हाड उरत नाही, आवरणाला छिद्र पडून पाणी झिरपण्याचा धोका राहतो. रक्तस्राव अधिक होतो. दांडी सुटणे, हाड न जुळणे, जोडाच्या वर किंवा खाली नवा वाक येणे, हे सारे इतर रुग्णांहून अधिक घडते. म्हणून आधी कण्याचे एम.आर.आय., आधी हृदयाची इको, आणि महाधमनीचे मूळ पाच सेंटीमीटरच्या आसपास पोचले असेल तर पाठ थांबेल, छाती आधी उघडावी लागेल, हा क्रम. तोही कृत्रिम झडप आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या यांचा पुढे पाठीच्या शस्त्रक्रियेशी कसा मेळ घालावयाचा, हे अगोदर ठरवून. शस्त्रक्रिया चालू असता मज्जारज्जूचे विद्युत्संदेश तपासणारी यंत्रे आज मोठ्या रुग्णालयांत असतात. १९७३ पासून चालत आलेली जुनी रीत, म्हणजे भूल क्षणभर हलकी करून मुलाला ‘पाय हलव’ असे सांगणे, हीदेखील भरवशाची आहे, आणि ते पाय हलले की शस्त्रक्रियागृहातील सर्वांचा श्वास मोकळा होतो. मुलगी पुढे संसाराला लागली, तर आवरणाच्या याच फुगवट्यामुळे बाळंतपणातील कमरेच्या इंजेक्शनाची भूल नीट चढत नाही, आणि महाधमनीला गरोदरपणाचा भार झेपेल किंवा नाही हे लग्नानंतर नव्हे, गर्भधारणेपूर्वी पाहावे लागते.

या साऱ्याची सरकारदरबारी तजवीज काय आहे? २०१३ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातच, पालघर येथे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा फिरत्या पथकाकडून तपासणी व्हावी, आणि दोष आढळल्यास मोफत इलाजासाठी पुढे रवानगी व्हावी, अशी ही उत्तम योजना आहे. तिच्या मूळ यादीत तीस विकार होते: वाकडी पावले, दुभंगलेला ओठ, जन्मजात हृदयविकार, मोतीबिंदू, दातांची कीड. कण्याच्या वक्रतेला मात्र त्या यादीत स्वतंत्र स्थान नाही. पथक वर्गात आलेलेच असते, डॉक्टर समोर असतोच, मुले ओळीत उभी असतातच. पाचवी ते नववीच्या मुलामुलींना, मुलींना आडोसा करून व पथकातील बाईंच्या समक्ष, एकेकदा पुढे वाकावयास सांगणे आणि लांब बोटांच्या मुलाला मूठ मिटावयास लावणे एवढी भर त्यात पडावी, ही माझी मागणी आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे छत्र आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत विस्तारले आहे. तिच्यात कोणत्या शस्त्रक्रिया मंजूर आहेत हे संबंधित रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारून, कागदपत्रे घेऊनच घर सोडावे. अपंगत्वाचा दाखला मात्र पुष्कळांना निराश करतो: तेथे कोन, सांध्यांची हालचाल यांचे टक्के मोजतात, सवलतींसाठी चाळीस टक्क्यांची अट आहे, आणि फुगलेली महाधमनी व सरकलेले भिंग वाकलेल्या पाठीशी जोडून त्या एका जिवाची एकत्रित दुर्बलता मोजण्याची दृष्टी त्या तक्त्यांत कमी पडते. जालन्याला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले, राज्यातील इतर नऊ महाविद्यालयांसह त्याचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. तेथे आठवड्यातून एक दिवस नेत्र, हृदय, बाल आणि अस्थी या चार विभागांनी एकत्र बसून अशी मुले पाहिली, तर घाटीपर्यंतची निम्मी पायपीट वाचेल. मणक्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी करावयाची बहुतेक कामे जिल्ह्याच्या ठिकाणी होण्यासारखी आहेत.

एक अडचण मात्र कोणत्याही इस्पितळाच्या आवाराबाहेरची आहे. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दरसाल दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. नवरा-बायकोचा एक कोयता, आणि त्यांच्यामागे घरी सांभाळावयास कोणी नसलेली मुले. शाळेत तपासणीचे पथक हिवाळ्यात आले, तर हजेरीपटावर त्या मुलाचे नाव असते आणि मूल सांगलीच्या किंवा बेळगावच्या फडावर असते. सहा महिन्यांनी ते परतते तेव्हा वाढीच्या वयातला कोन वीस अंशांचा तीस झालेला असतो. तेव्हा या चार तालुक्यांतील तपासणी भाद्रपद-आश्विनात, टोळ्या निघण्यापूर्वी, संपविली पाहिजे. आणि ज्या मुलाविषयी संशय असेल त्याच्या आईच्या हाती एक कागद द्यावा, ज्यावर कण्याचा कोन, भिंगाची स्थिती, महाधमनीच्या मुळाचे माप आणि ते घेतल्याची तारीख मराठीत ठळक लिहिलेली असावी, म्हणजे फडावर एखाद्या रात्री त्या पोराच्या छातीत किंवा पाठीत एकाएकी फाटल्यासारखी कळ उठली, तर तेथील डॉक्टर त्याला पित्ताची गोळी देऊन परत पाठविणार नाही.